उंबरवाडीचे डास मरत नाहीत

हे मी लिहिणार नव्हतो, आधीच सांगून ठेवतो. सूनबाईनं वही आणून पुढ्यात आदळली आणि म्हणाली, "आबा, तुमचे डासांचे किस्से ऐकून माझे कान किटले. एकदाचे लिहून काढा. ज्याला ऐकायचेत त्याला वही देऊ, तुम्ही गप बसा." म्हणजे कौतुक म्हणून नाही हो, गप बसवायला! माझी शाळा चौथीपर्यंत, तीही अर्धी. काना-मात्रा चुकला तर बोंबलू नका. चष्मा पुसा आणि पुढं वाचा.

किस्से साठतात कसे? गोठ्याच्या कोपऱ्यात डास साठतात तसे. कुणी बोलावत नाही, कुणाचं लक्ष नसतं. एकदा बॅटरीचा उजेड मारला की कळतं, च्यायला, भिंत काळी झालीय!

मी हिवताप खात्यात फील्ड वर्कर होतो. खांद्याला पंप लावायचा, घराघरांत जायचं आणि भिंतींवर औषध मारायचं. डास माणसाचं रक्त पितो आणि जड होऊन भिंतीवर टेकतो. टेकला की पायाला औषध लागावं आणि मरावा, एवढीच त्यातली अक्कल. कामशेतपासून पवनेच्या बाजूला जेवढी गावं आहेत, त्यांच्या भिंती मला पाठ आहेत. माणसं मला विसरतील, भिंती विसरायच्या नाहीत.

*

लोकांची तक्रार पहिल्यापासून एकच. "भाऊ, तुमच्या औषधानं डास मरत न्हाईत!" का मरत नाहीत ते सांगायला गेलं की ऐकायला कुणी थांबायचं नाही.

एका मावशींकडं सकाळी औषध मारलं. भिंत वाळली, पांढरे फराटे उठले. चार घरं करून मी पाणी प्यायला परत आलो, तर मावशी शेणाची बादली घेऊन भिंतीला भिडलेल्या. अर्धी भिंत सारवून मोकळ्या!

मी कपाळाला हात लावला. "मावशी, आवं तीन म्हैनं भिताडाला हात लावायचा न्हाई, सांगितलं व्हतं ना?"

"पावनं येत्यात उद्या पोरीला बघायला. त्यांना काय फराटं दावू?"

"पन औषध शेणाखाली गेलं की! आता डास मरनार कसा?"

मावशींनी माझ्याकडं असं बघितलं, की बिनडोक मीच. म्हणाल्या, "डासाला म्हनावं, पोरगी ठरंपातुर दम धर. मंग बस भिताडावर!"

पोरगी ठरली. लग्नही झालं. पुढल्या वर्षी मी गेलो तर मावशीच दारात उभ्या, कमरेवर हात. "भाऊ, तुज्या औषधात काय दम न्हाई बग!"

*

पण उंबरवाडीची गोष्ट वेगळी. तिथं भिंती सिमेंटच्या, सारवायचा प्रश्नच नाही. औषध मी माझ्या हातानं मापून कालवलेलं, मीच मारलेलं. तरी आठवड्यानं बबनरावांच्या गोठ्यात बॅटरी मारली, तर त्याच भिंतीवर डास पोट फुगवून निवांत बसलेले! सासुरवाडीला आलेल्या जावयासारखे.

हे बबनराव म्हणजे गावातले मोठे बागायतदार. सात म्हशी आणि आवाज आठव्या म्हशीचा.

मी आमच्या सुपरवायझर साहेबांना सांगितलं, "साहेब, त्या गावच्या डासांना औषधाची सवय झालीय."

साहेब म्हणाले, "सवय व्हायला ती काय तंबाखू आहे?"

झालं. पावसाळ्यात उंबरवाडीत तापाची माणसं वाढली. ग्रामसभा भरली, आम्हालाही बोलावलं. बबनराव उठले. धोतराचा सोगा सावरला आणि भर सभेत माझ्याकडं बोट केलं.

"सरकारचं औषध चांगलं असतंय. ह्यो भाऊ त्यात पानी घालतोय! अन् उरल्याली पावडर वांगीवाल्यांना इकतोय!"

मी म्हटलं, "बबनराव, पान्याशिवाय औषध मारता येत न्हाई. पावडर काय फुंकून उडवू?"

लोक हसले. पण हसण्यानं डाग जात नाही. साहेबांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं, "चौकशी होईपर्यंत पंप ठेवून द्या." मला रिटायर व्हायला आठ महिने उरलेले. आमच्या घरातून सरकारी खात्यात लागलेला मी पहिला माणूस. पहिल्या दिवशी पंप घरी आणला, तर वडिलांनी शेजारपाजार गोळा केला होता तो बघायला! म्हातारा पंपावरून हात फिरवत होता, खोंड विकत आणल्यासारखा. आणि आता त्याच पंपाला कुलूप, माझ्या नावाला चोर. मला बाकी कशाची पडली नव्हती. शेवटच्या दिवशी घरी जाताना मान वर पाहिजे, एवढंच.

*

मला उपकेंद्रात रजिस्टरवरची धूळ झटकायला बसवलं. तेवढ्यात पुण्याहून कीटकांच्या मॅडम आल्या. बाई किरकोळ अंगाची, पण पिशवी तिच्याहून मोठी. काम एकच: औषधानं डास खरोखर मरतात का, ते नळीत घालून बघायचं.

त्यांना डास पाहिजे होते. साहेब उत्साहानं पुढं झाले. दोन्ही हातांनी फटाफट चार-पाच टिपले आणि तळहात पुढं केला.

मॅडम म्हणाल्या, "सर, जिवंत."

ऑफिसात कुणालाच जमेना. शेवटी मला धुळीतून उठवलं. डास पकडायची एक काचेची नळी असते, तिला मागं रबरी नळी, मधे बारीक जाळी. डास बसला की काचेचं तोंड त्याच्यावर अलगद धरायचं आणि रबरी टोकातून श्वास आत ओढायचा. जाळी असते म्हणून डास काचेतच राहतो, घशात जात नाही. जोरात ओढलं तर त्याचे पाय मोडतात, हळू ओढलं तर उडून जातो.

मी एका दमात दहा पकडले, सगळे धडधाकट. मॅडम बघतच राहिल्या. "भाऊ, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"बशीतल्या चहानं!"

मॅडम पाखडल्यासारखे त्यातले तीन वेगळे काढून सोडून द्यायला लागल्या. म्हणाल्या, "हे नर आहेत. नर चावत नाहीत, रोग पसरवत नाहीत. सगळं करते ती मादी."

ताप दाखवायला आलेली एक बाई बाकावर बसली होती. ती म्हणाली, "म्हंजी हितंबी कामाला बायाच!"

*

रक्त पिऊन जड झालेले डास दिवस उगवताना गोठ्यात सुस्त सापडतात. मॅडमना घेऊन मी एका वस्तीवर गेलो. डास बसलेले म्हशीच्या मागच्या भिंतीला, अगदी खाली. मी म्हशीच्या पोटाजवळ उकिडवा बसलो, तोंडात नळी धरली आणि ओढायला लागलो.

घरातली म्हातारी गवत घेऊन आली. डोळ्यांना कमी दिसायचं तिला. तिनं गवत टाकलं आणि जी बोंब ठोकली!

"आगं बाई गं! धावा रं! ह्यो बाबा म्हशीला नळी लावून दूद पितोय!"

तिचा लेक दांडकं घेऊन धावला. मला बोलता येईना, कारण तोंडात नळी आणि नळीत बारा डास! श्वास सोडला तर सगळे म्हशीवर परत. मॅडम मधे पडल्या. माझ्या हातातली काच धरून म्हातारीच्या डोळ्यांपुढं नेली. "आजी, दूध नाही. डास आहेत बघा."

म्हातारीनं काच नाकाला टेकेपर्यंत निरखली. मग माझ्याकडं बघून तिला इतकी दया आली, की आवाजच बदलला.

"आरं लेका, मंग दूद तरी प्यायचंस! डास कशापायी खातूस?"

तांब्याभर दूध पाजूनच सोडलं मला.

*

मॅडम एकदा म्हणाल्या, "भाऊ, तुम्हाला सगळ्या घरांत आतपर्यंत कसे येऊ देतात हो?"

मी म्हटलं, मॅडम, सगळं पहिल्यापासून नव्हतं तसं. नोकरीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षीचं ऐका. एका मोठ्या घरी पंप घेऊन गेलो. घरातले अण्णा उंबऱ्यात आडवे उभे. माझं आडनाव विचारलं, ऐकलं आणि म्हणाले, "वसरीवर मार. आत न्हाई यायचं." का, ते मी लिहीत बसत नाही. वाचणाऱ्याला कळतंय.

मी पंप खाली ठेवला. "बरं. मंग आतल्या डासांना भाईर बोलवा. आमी हितं बसलोय."

अण्णांनी दार लावून घेतलं.

त्याच भाद्रपदात अण्णांना हिवतापानं धरलं. चार गोधड्या घातल्या तरी खाट वाजत होती. मला बोलावणं आलं. गेलो. गोधडीतून आवाज आला, "ये बाबा, आत ये. पार देवघरापातुर ये."

मी म्हटलं, "काय अण्णा, डासांनी आडनाव इचारलं का तुमचं?"

मला वाटलं आता शिव्या येणार. पण म्हातारा हुडहुडत हसायला लागला. "न्हाई रं! त्यांनी सरळ पंगतच मांडली!"

त्या दिवशी चहा घरातल्या कपातून मिळाला. कपाचा कान तुटका होता, पण कप घरातला होता.

*

मॅडमना लोणावळ्याचेही डास पाहिजे होते. एका हॉटेलच्या बागेत परवानगी मिळाली. मॅनेजर टायवाला. त्यानं आम्हाला मागच्या दारानं आत घेतलं आणि हात जोडले.

"प्लीज, डास हा शब्द काढू नका. गेस्ट ऐकतील. कुणी विचारलं तर सांगा, बटरफ्लाय सर्व्हे चाललाय."

मॅडमना हसू आवरेना. मी जनरेटरच्या खोलीमागं नळी लावून बसलो. तेवढ्यात गळ्यात हा मोठा कॅमेरा घातलेली एक बाई आली. मॅनेजर तिच्या मागं पळत.

"अंकल, क्या कर रहे हो?"

मी मॅनेजरकडं बघितलं. त्याचा चेहरा चुन्यासारखा. म्हटलं जाऊ दे, पोटावर पाय कशाला द्या. "बटरफ्लाय पकडता हूँ."

"वॉव! कैसा दिखता है?"

आता आली का पंचाईत! खोटं मला नीट बोलता येत नाही. म्हणून खरं तेच सांगितलं. "छोटा है. अंधेरा होने के बाद आता है. कान के पास गाना गाता है."

बाईचे डोळे चमकले. मॅनेजरकडं वळून म्हणाली, "अरे! वो तो हमारे रूम में भी है!"

*

आता परीक्षा कशी घेतात ते थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. दोन नळकांडी असतात. लाल ठिपक्याच्या नळकांड्यात औषध लावलेला कागद, हिरव्या ठिपक्याच्यात बिनऔषधाचा. दोन्हींत डास सोडायचे आणि तासभर ठेवायचे. मग दोन्हीकडचे डास स्वच्छ नळकांड्यांत घ्यायचे, साखरपाण्याचा बोळा द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला मोजायचे. हिरव्यातले जगले पाहिजेत. तेही मेले तर परीक्षाच बाद, कारण मग मरण औषधाचं नाही, दुसऱ्याच कशाचं.

आणि लाल ठिपक्यातले? ते मेले तर औषध चांगलं. औषध चांगलं, म्हणजे मी पाणी घातलं. म्हणजे मी चोर! ते जगले तरच मी खरा. बघा म्हणजे, माझी अब्रू वीस डासांच्या पायांवर उभी! जन्मभर डास मारले आणि म्हातारपणी नळकांड्यापुढं बसून म्हणतोय, "जगा रे बाबांनो, जगा!"

पहिली परीक्षा उपकेंद्रातच केली, उंबरवाडीचे डास आणून. दुसऱ्या दिवशी दार उघडलं तर लाल ठिपक्यातले सगळे आडवे.

साहेबांनी टेबलावर थाप मारली. "शंभर टक्के! औषध एक नंबर! काय भाऊ, आता बोला!"

मॅडम मात्र हिरवं नळकांडं उचलून बघत होत्या. "सर, यातलेही मेलेत."

साहेब म्हणाले, "मग दोनशे टक्के!"

मॅडमनी नाक वर करून वास घेतला. खाली वाकल्या आणि टेबलाखालून एक वाटी बाहेर ओढली. वाटीत राख आणि जळक्या काड्या. डास पळवायची अगरबत्ती, एक नाही, पाच!

साहेब खाली बघून म्हणाले, "मॅडम, काल मी हिशेब लिहीत बसलो होतो ना इथं... फार चावत होते हो!"

*

दुसऱ्या परीक्षेला अगरबत्ती नाही, की साहेबही नाहीत. मॅडमनी त्यांना खोलीबाहेरच ठेवलं. दुसऱ्या दिवशी मोजायला बसलो. आत सोडलेले वीस, हातात आले चौदा. मॅडमनी तीनदा मोजले. चौदाच.

"भाऊ, सहा गेले कुठे?"

मी भिंतीकडं बोट दाखवलं. साखरपाण्याच्या वासानं मुंग्या चढल्या होत्या आणि भिंतीवरून ओळीनं वर निघाल्या होत्या, डासांचे पंख डोक्यावर धरून.

"मॅडम, साक्षीदार चाललेत."

त्यावर उपाय माझा. घरी दुधाच्या कपाटाखाली करतात तसा. टेबलाच्या चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या. मुंग्या बंद! मॅडम खूश. मग आठ-दहा दिवस पाऊस लागला, परीक्षा थांबली आणि वाट्या राहिल्या तशाच.

आमची सूनबाई आशा वर्कर. घरोघर जाऊन कुठं पाणी साठलंय, त्यात डासांच्या अळ्या झाल्यात का, ते बघते आणि लिहिते. त्या आठवड्यात तिची फेरी उपकेंद्रावर आली. तिनं बॅटरी मारली, टेबलाखाली वाकली आणि पेन काढलं. मी म्हटलं, "आगं, घरातली गोष्ट हाय, लिहू नगं."

तिनं वही माझ्यापुढं धरली, सही करायला. लिहिलं होतं: ठिकाण, सरकारी उपकेंद्र. भांडी तपासली चार. अळ्या सापडल्या चारांत. जबाबदार व्यक्ती, आमचे सासरे.

*

शेवटी मॅडम म्हणाल्या, बंद खोलीत केलं तर लोक मानायचे नाहीत. उंबरवाडीतच करू, सगळ्यांसमोर. रिटायर व्हायला तेव्हा महिना उरला होता.

शाळेची खोली घेतली. सगळं गाव जमलं. बबनराव सगळ्यात पुढं. त्यांनी अटी घातल्या. "डास माज्या गोठ्यातलं घ्यायचं. अन् औषधाला ह्या भाऊनं बोट लावायचं न्हाई!"

मॅडमनी कागदांचं पाकीट त्यांच्याच हातात दिलं, कंपनीचं सील तसंच. बबनरावांनी सील चार माणसांना दाखवलं आणि स्वतः फोडलं. मी नुसते डास पकडले आणि नळकांड्यांत फुंकले.

तास संपायला आला तसे लाल ठिपक्यातले पाच-सात डास उताणे पडले. बबनरावांनी मांडीवर हात मारला. "पडलं! पडलं! बगा, औषध जालीम हाय! चोर कोन ते आता कळलं का?"

लोक माझ्याकडं बघायला लागले. मला वाटलं, जमीन फाटावी. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "काका, पडलेला डास उठतोसुद्धा. उद्या याच वेळेला मोजू."

खोलीला कुलूप लागलं. किल्ली बबनरावांच्या कनवटीला.

दुसऱ्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. बबनरावांनी कुलूप काढलं. मॅडमनी हिरवं उचललं. सगळे जिवंत, भिरभिरत होते. मग लाल ठिपक्याचे डास. मॅडमनी मोठ्यानं मोजायला सुरुवात केली, तसं गावही त्यांच्याबरोबर मोजायला लागलं. मेलेले तीन. जिवंत सतरा! काल उताणे पडलेले उठून काचेला धडका देत होते.

मॅडम म्हणाल्या, "तुमच्या गावातल्या डासांवर हे औषध आता चालत नाही. वर्षानुवर्षं तेच मारलं, मरायचे ते मेले, जे टिकले त्यांचीच पिलावळ वाढली. भाऊंनी औषध बरोबरच मारलं होतं. त्यांचा काही दोष नाही."

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. डोळ्यात काहीतरी गेलं होतं.

साहेब उठले. जीपमधून पंप स्वतः उचलून आणला आणि माझ्या खांद्याला अडकवला. "भाऊ, माझं चुकलं. तुम्ही सांगितलं तेव्हाच ऐकायला पाहिजे होतं." सरपंचबाईंनी सगळ्या गावाच्या वतीनं हात जोडले. ग्रामसभेत ज्यांनी ज्यांनी बबनरावांचं खरं मानलं होतं, ते एकेक करून खांद्यावर हात ठेवून चुकलं म्हणून गेले. मग सगळ्यांच्या नजरा बबनरावांकडं वळल्या.

बबनरावांनी चष्मा काढला, उपरण्यानं पुसला, परत लावला. मॅडमच्या हातातून नळकांडं घेतलं. उजेडाकडं धरून इकडून बघितलं, तिकडून बघितलं. मी मान खाली घातली. म्हटलं, म्हातारा माणूस आहे, फार वेळ हात जोडू द्यायचे नाहीत.

बबनराव गावाकडं वळले. छाती पुढं.

"बगितलं का? माज्या गोठ्यातलं हाईत! सरकारचं औषध पचवलं गड्यांनी! आरं, माज्या म्हशींचं रगात पितात ती, मरतील कशानं?"

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या! कुणीतरी शिट्टीसुद्धा मारली. बबनरावांनी मॅडमना विचारलं, "ह्ये कागदावर कुनाच्या नावानं चढनार?" मॅडम म्हणाल्या, डास जिथून पकडले, तिथल्या मालकाचं नाव लिहितो आम्ही. "मंग बापाच्या नावासकट घाला," म्हणून त्यांनी शेजारी बसून अक्षर अन् अक्षर लिहून घेतलं. पुढं पंधरा दिवस कामशेतच्या बाजारात जो भेटेल त्याला धरून सांगत होते, "पुन्याच्या बाईनं तपासल्यात. सतरा उभं ऱ्हायलं, सतरा!"

नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात उंबरवाडीसाठी दुसरं औषध आलं. मारायला मीच गेलो, माझा पंप घेऊन. बबनरावांच्या गोठ्यापासून सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी बघायला गेलो, तर गोठ्यात काळा सडा पडलेला. एक डास भिंतीवर नाही. म्हशी शेपटी न हलवता रवंथ करत होत्या.

बबनराव कोपऱ्यात उकिडवे बसले होते. त्यांच्या तळहातावर दोन मेलेले डास. माझ्याकडं बघितलं, आणि आवाज अगदी पडलेला.

"भाऊ, येवढं कडक मारायचं व्हय रं? नावाजल्याली जात हुती!"

तेव्हापासून रस्त्यात दिसलो की तोंड फिरवतात. गावात सांगत हिंडतात, की माफी भाऊनंच मागितली पाहिजे!

साहेबांनी मागितली, सरपंचबाईंनी मागितली, गावानं मागितली. मागायचा राहिलाय तो एकच माणूस. त्याला आवडतं तसं लिहितो, बापाच्या नावासकट: बबनराव धोंडिबा, मुक्काम उंबरवाडी.